दैव कोणी म्हणावे

असाध्य आजार घरात शिरला म्हणजे आमच्या सोलापूर-बार्शीकडची माणसे जे बोलतात, त्यात वैद्यकाचा भाग थोडा आणि दैवाचा फार असतो. 'भोग आहेत, भोगल्याबिगर सुटत नाहीत', 'सटवीनं लिहिलंय ते कोण पुसणार', 'मागल्या जन्मीचं काही देणं राहिलं असंल' अशी वाक्ये ओसरीवर बसलेल्या आप्तेष्टांच्या तोंडून निघतात, आणि बाळंतिणीच्या खोलीत पाचव्या-सहाव्या रात्री कोरा कागद व लेखणी ठेवून जिची पूजा झालेली असते, त्या देवतेच्या अक्षराविरुद्ध दाद मागण्याचे न्यायासन पृथ्वीवर नाही, ही जाणीव दुःख करणाऱ्यालाही काही काळ शांत करते. सुशिक्षितांनी या वाक्यांची टवाळी करण्याचा रिवाज जुना आहे. मला ती टवाळी कधीच मानवली नाही, कारण ज्याच्यापाशी दुसरे काही उरलेले नाही त्याचे सांत्वन हिरावून घेण्यात कोणते शहाणपण आहे हे मला समजत नाही. परंतु हा शब्द सर्वांच्या तोंडी सारखाच शोभतो काय, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. आणि तो ज्या प्रकरणामुळे माझ्यापुढे उभा राहिला, ते एखाद्या मठात वा पाठशाळेत घडलेले नसून आमच्याच जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणाहून चालवलेल्या शास्त्रीय संशोधनाचे आहे.

बार्शी हे गाव सोलापूर जिल्ह्यात मोडत असले तरी त्याचा घरोबा पलीकडल्या मुलखाशी. परंडा आणि भूम ही ठिकाणे 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली, म्हणजे आमच्या बोलीत 'मोगलाईत', तर बार्शी इंग्रजांच्या हद्दीत. तथापि सरहद्द कागदावर राहिली आणि धान्याच्या गाड्या, सोयरिकी व दुखणी ही तिन्ही तिला न जुमानता बार्शीच्या पेठेकडे येत राहिली. भगवंताच्या देवळामुळे पूर्वापार नावाजलेल्या या गावी अभिनेत्री नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले, डॉक्टर भगवान नेने यांनी त्याच्या कामाला संशोधनाचे वळण दिले, आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने 1987 साली तेथे बार्शी, परंडा व भूम या तीन तालुक्यांतील 346 गावांसाठी कर्करोगाची नोंदवही उघडण्यात आली. हिंदुस्थानातील ग्रामीण भागाची अशी ही पहिलीच खानेसुमारी होय. शहरात ही नोंद ठेवणे तुलनेने सोपे, कारण रोगी अखेर कोणत्या तरी रुग्णालयाच्या दप्तरात सापडतो. खेड्यातला रोगी दप्तरात सापडत नाही, तो घरातल्या घरात, बहुधा निदानावाचून, मरतो. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन सरपंचाला, शिक्षकाला, दाईला विचारण्याची आणि ज्याच्यावर संशय येईल त्याला तपासणीस यावयास राजी करण्याची पद्धत स्वीकारली.

या नोंदीतून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली ही की, त्या भागातील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा, म्हणजे बायका ज्याला नुसते 'पिशवीचा आजार' म्हणतात, तो सर्वांत अधिक होता, आणि त्या बहुधा उशिरा, रोग पसरल्यावरच, वैद्यापाशी पोहोचत. दुसरी गोष्ट अधिक कौतुकाची आहे. कार्यकर्ते मोजावयास आले होते. परंतु मोजणीसाठी बोलावे लागते आणि बोलता बोलता लक्षणे सांगावी लागतात. अंगावरून पांढरे जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, या ज्या गोष्टी सासूसुनांतही उच्चारल्या जात नसत, त्या चावडीशेजारी उच्चारल्या जाऊ लागल्या, आणि काही वर्षांतच असे आढळून आले की स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत तपासणीस येत आहेत. कस्तुरी जयंत, नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. औषध नवे नव्हते, यंत्रही नवे नव्हते.

याच पायावर 1999 साली शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात एक फार मोठा प्रयोग सुरू झाला, आणि माझ्या प्रश्नाचे मूळ त्यात आहे. गावांचे 52 समूह करून त्यांतील तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया यादृच्छिक वाटणीने चार गटांत विभागण्यात आल्या. एका गटाची, हा रोग ज्या विषाणूमुळे होतो त्या विषाणूसाठी एकदा चाचणी झाली. दुसऱ्या गटाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आल्या. तिसऱ्या गटात शिरक्याचे आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी झाली. आणि चौथ्या गटाची कोणतीही चाचणी झाली नाही, त्या गावांतून पूर्वीपासून जी आरोग्यव्यवस्था चालत होती तीच चालू राहिली. आठ वर्षांनी हिशेब झाला, आणि 2009 च्या एप्रिल महिन्यात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकन नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. विषाणूचाचणीच्या गटातील 34,126 स्त्रियांपैकी 34 या रोगाने दगावल्या होत्या. चौथ्या गटातील 31,488 स्त्रियांपैकी 64. पेशीतपासणी आणि आम्लपाहणी या दोन्ही गटांत मृत्यूंत म्हणण्याजोगी घट झालेली नव्हती.

या आकड्यांपुढे मनुष्याचे मन दोन दिशांनी जाते. एका दिशेने पाहिले तर आयुष्यातल्या एका तपासणीने मृत्यूचे प्रमाण निम्म्यावर येते, हे ज्ञान जगाला तुळजाभवानीच्या मुलखातल्या शेतकरी बायकांनी दिले, आणि त्याच्या आधारे पुढे दूरदूरच्या देशांतून धोरणे ठरली. दुसऱ्या दिशेने पाहिले तर चौथ्या गटातील त्या 64 जणींपैकी कित्येकींची घरे विषाणूचाचणी झालेल्या गावापासून चार-पाच कोसांवर असतील, आणि त्यांचे नाव कोणत्या गटात पडावे हे त्यांच्या पुण्याईने ठरले नाही, वैद्याच्या कृपादृष्टीने ठरले नाही; ते वाटणीच्या एका गणिती रीतीने ठरले. त्यांच्या मुलांनी ओसरीवर 'सटवीचा लेख' असे म्हटले असेल. येथे मात्र लेखणी सटवीच्या हाती नव्हती.

अशा वाटणीचा अर्थ नीट समजल्याखेरीज तिच्यावर रागावणेही अन्यायाचे होईल. तिचा आधुनिक इतिहास 1948 सालच्या इंग्लंडमधील क्षयरोगाच्या प्रयोगापासून सांगतात. युद्धोत्तर टंचाईमुळे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सर्वांना पुरेल एवढे नव्हतेच. तेव्हा संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी 107 रोग्यांची वाटणी बंद लखोट्यांतील चिठ्ठ्यांनी केली, ती अशासाठी की वैद्याच्या मनातील ममता, आशा वा पूर्वग्रह यांपैकी काहीही निवडीत शिरू नये. चिठ्ठी काढणारा वैद्य एक प्रकारची कबुली देत असतो: यांपैकी कोणते बरे हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा जो भास मला होतो त्यावर माझा विश्वास नाही. सर्वज्ञतेचा आव आणणाऱ्या धंद्यात ही कबुली दुर्मिळ म्हणावी लागेल.

आपल्या दर्शनांत या अवस्थेचा विचार झालेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांनी जे सोळा पदार्थ गणले, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ संशयाला स्थान दिले. आणि भाष्यकार वात्स्यायनाने स्पष्टच सांगितले की जे मुळीच अज्ञात आहे त्याविषयी न्यायाची प्रवृत्ती होत नाही, आणि जे निर्णीत झाले आहे त्याविषयीही होत नाही. होते ती संशयित अर्थाविषयी. वैद्यकीय नीतीच्या आजच्या पंडितांना अनेक ग्रंथ लिहूनही याहून नेटकी कसोटी सापडलेली नाही, असे मला वाटते. मनुष्यांवर प्रयोग करण्याचा अधिकार जर कोठून येत असेल तर तो प्रामाणिक संशयातून येतो. संशय फिटला त्या क्षणी तो अधिकारही संपतो, आणि संशय खोटा असेल तर तो मुळातच नव्हता.

तेव्हा उस्मानाबादच्या त्या चौथ्या गटाविषयी विचारावयाचे ते हेच की, संशय खरा होता काय? एरिक सुबा या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने पुढे मुंबईहून निघणाऱ्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात कडक आक्षेप घेतला: श्रीमंत देशांत पेशीतपासणीने हा रोग हटल्याचे कित्येक दशके दिसत असता तपासणीविना गट ठेवण्याचे प्रयोजन काय, तीन रीतींची आपसांत तुलना पुरेशी नव्हती काय? बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे असे की, या देशात त्या वेळी खेड्यातल्या स्त्रीच्या वाट्याला कोणतीच तपासणी येत नव्हती, म्हणून चौथ्या गटाकडून काही काढून घेतले गेले नाही. आणि सरकारला खर्चाला राजी करावयाचे तर पक्का पुरावा हवा. या दुसऱ्या बाजूतील पहिले वाक्य मला पटत नाही. दारिद्र्याची पातळी हीच न्यायाची पातळी मानण्याचा तर्क सावकाराच्याही तोंडी शोभतो, वैद्याच्या तोंडी शोभत नाही. परंतु निष्कर्ष पाहता एवढे कबूल करावे लागते की, संशय सोंगाचा नव्हता. ज्या पेशीतपासणीची पाश्चात्त्य देशांत एवढी ख्याती, ती येथे एका फेरीत मृत्यू कमी करू शकली नाही. आम्लाची पाहणी येथे निष्प्रभ ठरली, आणि तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात व पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तिच्याच योगाने मृत्यू घटल्याचे दिसले. चौथा गट नसता तर काय कमी झाले आणि काय नाही हे कोणत्या तराजूने मोजले असते? मी या प्रश्नाच्या दोन्ही पारड्यांकडे पुष्कळ दिवस पाहिले आहे, आणि माझा कौल असा की तो प्रयोग पातक नव्हता. ऋण मात्र होते, आणि ते कोणी फेडावयाचे याचे उत्तर प्रयोगाच्या कागदपत्रांत मिळत नाही.

हृदयविकाराच्या शास्त्रातही हेच ऋण साठलेले आहे, फक्त तेथे ते कोणाच्या ध्यानात येत नाही. आज सोलापुरात कोणाच्या छातीत कळ आली की वैद्य प्रथम अ‍ॅस्पिरिनची गोळी चघळावयास देतो. तिचा उपयोग निर्विवाद ठरला तो 1988 साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे 17,000 रोग्यांच्या एका आंतरराष्ट्रीय प्रयोगाने. त्यांतील निम्म्यांना गोळी मिळाली, निम्म्यांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू अ‍ॅस्पिरिनमुळे शेकडा 23 नी कमी झाले. या प्रयोगाची एक गमतीची कथा आमच्या ज्योतिषीबुवांनी अवश्य ऐकावी. कोणत्या प्रकारच्या रोग्यांना गुण आला आणि कोणत्या प्रकारच्यांना नाही, याची बारीक फोड करावी असा संपादकांचा आग्रह पडला, तेव्हा संशोधकांनी रोग्यांची फोड जन्मराशीवरून करून दाखवली, आणि मिथुन व तूळ या राशींच्या माणसांना गोळीचा काहीच उपयोग नाही असा निकाल बाहेर पडला! (तिकडे रास सूर्यावरून धरतात, आपल्याकडे चंद्रावरून, तेव्हा इकडल्या तूळ राशीवाल्यांनी घाबरण्याचे कारण नाही.) संशोधकांना दाखवावयाचे होते ते असे की, पुरेसे तुकडे पाडले तर यदृच्छेतूनही आकृती उमटते, आणि आकृती दिसली की मनुष्य तिला लगेच कारणाचे नाव देतो.

यदृच्छा ही काय वस्तू आहे, याचा विचार भौतिकशास्त्राने सर्वांत खोल नेला. टाटा स्मारक रुग्णालय 1962 पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. परंतु होमी भाभा यांनी विश्वकिरणांतील कणांचा शोध घेण्याची आणि किरणांनी गाठी जाळण्याची अशा दोन्ही विद्या एकाच दारातून येताना पाहिल्या होत्या. गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कर्करोगावर किरणोपचार हाच मुख्य आधार असतो, आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेल्या 'भाभाट्रॉन' यंत्रात हे किरण कोबाल्ट-60 पासून निघतात. या कोबाल्टाचा निम्मा साठा सव्वापाच वर्षांत विघटित होतो, हे नियमाने सांगता येते. मात्र अमुक एक अणू आज फुटेल की शंभर वर्षांनी, हे सांगता येत नाही, आणि आजच्या भौतिकशास्त्राची सर्वमान्य शिकवण अशी की हे न सांगता येणे आपल्या अज्ञानामुळे नाही, तेथे सांगण्यासारखे कारणच नाही. जिनीव्हाजवळच्या ज्या प्रयोगशाळेने 2012 साली हिग्ज कण सापडल्याची घोषणा केली, तिच्या आवारात भारत सरकारने भेट दिलेली नटराजाची मूर्ती 2004 पासून उभी आहे, आणि तिच्यावरून पुष्कळ भाविक लेखन झालेले आहे. त्या तांडवात मला मात्र सृष्टीची लय ऐकू येण्यापूर्वी तिची बेपर्वाई दिसते. अणूच्या फुटण्यात कोणाचाही हात नाही. म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रारही नाही.

कर्मसिद्धान्ताने हीच पोकळी सहन केली नाही. कारणावाचून कार्य नाही असे मानणाऱ्या बुद्धीला व्याधीचे कारणही हवे होते, आणि ते तिने रोग्याच्याच गतजन्मात ठेवले. कर्मविपाकाच्या ग्रंथांनी तर कोणत्या पापाचे कोणते दुखणे याच्या याद्या करून त्यांवर दाने व प्रायश्चित्ते नेमून दिली. या योजनेत एक भव्यता आहे: विश्वात हिशेबाबाहेर काहीही नाही, असे तिचे आश्वासन आहे. आणि एक क्रौर्यही आहे, कारण हिशेबवही रोग्याखेरीज इतर सर्वांना निर्दोष ठरवते. मी स्वतःला आस्तिक समजतो; परंतु मागल्या जन्माचे देणे हे वाक्य आजारी बाईने स्वतःविषयी उच्चारले तर त्यात शरणागतीचे तेज असते, आणि तेच वाक्य तिच्याकडे पाहून दुसऱ्याने उच्चारले की त्यातून आपली जबाबदारी झटकल्याचा वास येतो, एवढे मला दिसते. सिद्धान्त खरा असो वा नसो, तो प्रथमपुरुषात बोलण्याचा आहे.

आपल्या वैद्यकाच्या आचार्यांना हे उमगलेले होते. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात पुनर्वसु आत्रेय कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी शिष्यांसह हिंडत असता अग्निवेशाशी बोलतो. अग्निवेश विचारतो की, ज्यांची प्रकृती निराळी, आहार निराळा, वय निराळे, अशी माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का मरतात? येथे प्रत्येकाचे पूर्वकर्म सांगून मोकळे होता आले असते. आत्रेय तसे करीत नाही. तो वायू, पाणी, भूमी आणि काळ या साऱ्यांच्या सामायिक गोष्टींकडे बोट दाखवतो, आणि त्यांच्या बिघाडाचे मूळ अधर्मात सांगून तो अधर्म प्रथम कोणाचा तेही सांगतो: देशाचे, नगराचे, जनपदाचे जे प्रमुख धर्म सोडून प्रजेला वागवतात त्यांचा. मग अग्निवेशाचा दुसरा प्रश्न येतो, आयुष्य ठरलेलेच असते काय. आणि त्यावर आचार्याचे उत्तर असे की, ते दैव आणि पुरुषप्रयत्न या दोहोंच्या योगावर अवलंबून आहे, सर्वांचे सर्व काही ठरलेले असते तर मस्तवाल हत्ती समोरून येताना कोणी बाजूला झालाच नसता आणि औषधीही कोणी शोधल्या नसत्या. एकट्याचे दुखणे आणि जनपदाचे दुखणे यांत हा जो भेद त्याने केला, तो कर्मविपाकाच्या याद्या करणाऱ्यांच्या नजरेतून निसटला असावा.

आता 2009 नंतरच्या काळाकडे पाहावे. वात्स्यायनाच्या भाषेत सांगायचे तर त्या वर्षी अर्थ निर्णीत झाला. विषाणूची चाचणी एकदा केली तर मृत्यू कमी होतात, ही गोष्ट संशयाच्या कोटीतून बाहेर पडली, आणि तीही आपल्याच स्त्रियांच्या देहावर. केंद्र सरकारने 2016 साली तिशीवरील स्त्रियांच्या पाच वर्षांतून एकदा तपासणीची नियमावली काढली. रीत मात्र आम्लपाहणीची स्वीकारली, कारण ती स्वस्त आणि दिंडिगलचा दाखला तिला अनुकूल. तीही पोहोचली किती? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी या रोगासाठी आयुष्यात एकदा तरी तपासणी झालेल्या देशभरात शेकडा दोघीसुद्धा निघाल्या नाहीत. म्हणजे उस्मानाबादेत जो चौथा गट संशोधकांनी वाटणी करून, मोजून-मापून, आठ वर्षे नजरेखाली ठेवून केला होता, तोच गट या पाहणीच्या वेळी संशयावाचून, वाटणीवाचून आणि नोंदीवाचून जवळजवळ सगळ्या देशाएवढा होता. प्रयोगावर टीका करणारांचा आवाज या गटाविषयी फारसा ऐकू येत नाही, याचे मला नवल वाटते. कारण तेथे निदान ज्ञान तरी निर्माण झाले, आणि येथे मिळालेले ज्ञान कपाटात आहे.

आमच्या सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात या गावी तलाव खोदून घेत होते, तेव्हा अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी या मातीकामाची निर्भर्त्सना केली, अशी लिंगायत परंपरेची कथा आहे: दगड-माती हलवल्याने शिवाचे ज्ञान होते काय? सिद्धराम पुढे ज्ञानमार्गाला लागले, असे ती कथा सांगते, आणि तत्त्वज्ञ मंडळींना तेवढाच भाग आवडतो. गड्ड्याच्या यात्रेला येणारे लोक मात्र अजून त्या तलावाच्या काठी उतरतात. तलाव खोदणाऱ्याने गावातल्या तहानलेल्यांची पूर्वकर्मे तपासली नव्हती, आणि पाणी सर्वांना मिळावे की निम्म्यांना, हा संशयही त्याला पडला नव्हता. तहानेच्या बाबतीत अर्थ निर्णीतच होता.

परंड्याकडची एखादी म्हातारी, जिची धाकटी बहीण या रोगाने गेली, ती जर मला म्हणाली की तिचे नशीबच तसे, तर मी तिच्यापुढे ना चरक उघडणार, ना आकडे मांडणार. मी ऐकून घेईन. परंतु तेच उत्तर जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत, मंजुरी अडकलेल्या फायलीच्या समासात, किंवा निधी अन्यत्र वळवणाऱ्या मंत्र्याच्या मनात वसत असेल, तर त्या जागी ते आस्तिक्य नाही. आत्रेयाने ज्याला जनपदप्रमुखाचा अधर्म म्हटले तेच हे आहे, आणि त्याची फिर्याद सटवीकडे नेण्याचे कारण नाही. ज्या चाचणीविषयी हे सारे चालले आहे ती रोज घ्यावयाची नाही, दरमहा नाही, दरवर्षीसुद्धा नाही. उस्मानाबादच्या त्या 34,126 स्त्रियांपैकी जिची जिची ती झाली, तिची ती आठ वर्षांत एकदाच झाली होती.